सांग म्हणावं त्याला

आमच्या ओटीवर संध्याकाळी दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. एकीवर माझे सासरे बसतात, दुसरीवर त्यांचे धाकटे भाऊ. सासऱ्यांना मी बाबा म्हणते आणि त्यांच्या भावाला काका. दोन खुर्च्यांमध्ये अंतर एवढंच की एकाने हात लांब केला तर दुसऱ्याच्या बशीतलं बिस्कीट उचलता यावं. दोघांचेही कान शाबूत आहेत. रस्त्यावर कंटेनर वळताना क्लीनरने घातलेली शिवी दोघांना एकाच वेळी ऐकू येते आणि दोघे एकाच वेळी तिकडे मान वळवतात. फक्त एकमेकांचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही. तसा नियम आहे.

म्हणजे कसं, ते सांगते. बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणतात, "सांग म्हणावं त्याला, टाकी वाहून चालली. मोटार बंद कराची अक्कल हाय का न्हाय?" ओटी एकच, दारं दोन, आणि मोटारीचं बटण काकांच्या दाराशी आहे. काका जागचे हलत नाहीत. गच्चीवरून पाण्याची धार अंगणात पडत असते, ती त्यांना दिसत असते, पायाशी ओहोळ आलेला असतो, पण ते शांतपणे चहा पीत बसतात. मग मी पिठाचे हात तसेच घेऊन आतून बाहेर येते आणि म्हणते, "काका, टाकी भरली वाटतं." काका दचकल्यासारखं करतात. "भरली का?" म्हणतात, उठतात, बटण बंद करतात आणि येता येता खांबाला ऐकवतात, "त्याला बोल, टाकी त्याची पन हाय. हात मोडलं न्हाईत त्याचं." मी बाबांकडे वळून म्हणते, "काका म्हणतात, पुढच्या वेळी लक्ष ठेवतो." बाबा म्हणतात, "हं." तोवर आत तव्यावरची भाकरी करपलेली असते.

लग्न होऊन मी या घरात आले ती कल्याणहून. मानकोलीच्या पुढे आत वळलं की आमचं गाव, म्हणजे गावाचं जे काही उरलंय ते. चारी बाजूंना गोदामांचे निळे पत्रे आणि मध्ये घरं. इतर घरांत सासू नव्या सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या देते म्हणे. माझ्या सासूबाईंनी मला हे काम दिलं. आठवडाही झाला नसेल, वाल सोलता सोलता म्हणाल्या, "माझं तोंड दुखलं गं बाय सांगून सांगून. तू शिकलेली हायस. तुला बरं जमंल." मला वाटलं थट्टा करतायत. त्याच संध्याकाळी बाबांनी "सांग म्हणावं त्याला" सुरू केलं, मी सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या पदराने तोंड पुसत मागच्या दाराने निघून गेल्या होत्या. सुटल्या बिचाऱ्या.

त्या कुठे गेल्या असतील? काकूंकडे. म्हणजे काकांच्या बायकोकडे. या दोघींचं मागच्या दाराने अखंड चालू असतं. बिरड्याची वाटी इकडून तिकडे जाते, सुकटीची तिकडून इकडे येते, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं याची खबर तर वाटीच्या आधी पोचते. अबोला फक्त पुढच्या दाराला. बायकांनी त्यात पडायचं नाही, फक्त निरोप पोचवायचे. हे कोणी ठरवलं असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ठरवतंय कोन? असंच हाय." या गावात सगळं असंच आहे.

सुरुवातीला मी वैतागून एकदा शब्द न बदलता सांगून पाहिलं. वाटलं, आपण निरोप्या, निरोप द्यावा आणि मोकळं व्हावं, आपलं डोकं कशाला चालवा? काकांनी अंगणात मोटरसायकल आडवी लावली होती. बाबा म्हणाले, "सांग म्हणावं त्याला, बापाचा रस्ता हाय का?" दोघांचा बाप एकच, त्यामुळे रस्ता त्यांच्या बापाचाच होता, पण तो मुद्दा सोडा. मी काकांसमोर जाऊन उभी राहिले आणि अक्षर न बदलता म्हटलं, "बाबा विचारतात, बापाचा रस्ता आहे का?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून आत गेले. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मी असा बोललो?"

"आत्ताच बोललात की!"

"मी माझ्या भावाला बोललो. तू त्याची सून. तू असा बोलाचं?"

म्हणजे चूक माझी. दोघेही दोन दिवस माझ्यावर रुसले, आणि या रुसण्यात मात्र त्यांची काय एकी! शेवटी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. बाबा जे बोलतात ते बोलणं नव्हेच, ते नुसतं तोंडातून गेलेलं वारं. मी जे सांगेन तेच सांगितलं असं धरायचं. त्यामुळे ते आपल्या शब्दांत सांगायचं, चार माणसांत शोभेल असं. मी कपाळाला हात लावला. हिशेब असा झाला की ज्याने जे म्हटलं ते त्याने म्हटलंच नाही, आणि जे त्याने जन्मात म्हटलं नसतं ते त्याच्या नावावर लागलं. माझ्या कृपेने हे दोघे भाऊ इतकी वर्षं एकमेकांशी फार अदबीने बोलत आले आहेत. सगळ्या पंचक्रोशीत इतके सभ्य भाऊ सापडायचे नाहीत.

आणि हे घरी येऊन करायचं, कारण दिवसभर नोकरीवर वेगळं काय करते? मी मानकोलीला एका गोदामात गाड्यांच्या नोंदीच्या टेबलावर बसते. ड्रायव्हर फोनवर ओरडतो, "मॅडम, कशेळी पे कबसे खड़ा हूँ, क्या उड़ के आऊँ?" मी साहेबांना मेल लिहिते की वाहतुकीच्या परिस्थितीमुळे वाहन नियोजित वेळेपेक्षा उशिरा पोचेल. हमालाने खोका आपटला, आतून काचेचा आवाज आला, तो म्हणाला, "गया काम से." मी लिहिते, वेष्टनाला किरकोळ क्षती आढळली. साहेब तिकडून जे ओरडतात त्याचं मी हमालाला सांगते, "भैया, जरा सँभाल के." सगळ्या जगाला माझ्याच तोंडाने बोलायचं आहे आणि कोणालाच स्वतःचे शब्द स्वतः भोगायचे नाहीत. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "तुझी भाषा चांगली आहे ना पण." त्याची सोय चांगली आहे.

भांडण कशावरून झालं ते ऐकलं तर कोणालाही हसू येईल, पण आमच्या भागात त्यावर हसत नाहीत. दोघांची भाताची खाचरं लागून होती. काकांनी त्यांचं खाचर गोदामाला दिलं. मुरुमाचे डंपर आले, भराव पडला, काकांची जमीन बाबांच्या बांधापेक्षा पुरुषभर उंच झाली, आणि पाणी जायची वाट बंद झाली. त्या पावसात बाबांची आवणी, म्हणजे नुकताच लावलेला भात, बुडून कुजली. बाबा खाचराच्या कडेला उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "आजपासून तुझं माझं बोलणं न्हाय." काका म्हणाले, "न्हाय तर न्हाय." पुढे बाबांनीही शेती सोडली, त्यांच्याही तुकड्यावर आता ट्रक उभे राहतात. काका तर स्वतःच्याच जुन्या जमिनीवरच्या गोदामात फाटकावर ड्युटी करतात, टोपी घालून गाड्यांचे नंबर लिहितात. भांडणाचं कारण केव्हाच मुरुमाखाली गेलं, भांडण तेवढं ओटीवर राहिलं.

हे सगळं असंच चाललं असतं. माझी भाकरी करपली असती, मी चरफडले असते, म्हातारपणी माझ्या सुनेला वाल सोलता सोलता म्हटलं असतं, बाय, तू शिकलेली. पण काकांचा पाय मध्ये आला.

काकांना साखर आहे, बरीच वर्षं. गोदामाने सगळ्यांना जाड बूट दिले, पुढे लोखंड घातलेले. त्या बुटाने त्यांच्या डाव्या अंगठ्याचा चावा घेतला. काकांना दुखलं नाही, म्हणून त्यांनी बघितलं नाही. साखरवाल्यांना पायाचं दुखणं कळत नाही हे मला तेव्हा कळलं. काकूंना मोज्यावर डाग दिसला तेव्हा जखम आत गेलेली होती. मग हळद झाली, कसलंसं मलम झालं, गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. शेवटी काकू माझ्याकडे मागच्या दाराने आल्या आणि मी सुट्टी टाकून काकांना ठाण्याला मोठ्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने पाय बघितला आणि माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, जसं काही पाय माझाच होता. काकांनी विचारलं, "काय म्हनतो तो?"

मी म्हटलं, "अंगठा काळा पडलाय. तो काढायला लागेल."

"काढायला म्हंजे?"

"म्हणजे वेगळा करायला लागेल. बाकीचा पाय चांगला राहावा म्हणून."

"कापनार."

"काढणार, काका."

"कापनार म्हन की. तू शब्द बदलला म्हनून अंगठा परत उगवनार हाय का?"

 डॉक्टरने मग हिंदीत थेट त्यांनाच सांगितलं, "चाचा, अभी अंगूठा जाएगा. देर करोगे तो टखने तक. फिर घुटने तक. उसके बाद मेरे हाथ में कुछ नहीं." यात बदलण्यासारखा एकही शब्द नव्हता. काका उठले, चपलेत पाय घातला, म्हणाले, "चल घरी." आणि आलो घरी. त्यांचं म्हणणं एकच होतं: आज अंगठा मागतात, उद्या पाय मागतील, परवा सगळाच माणूस. शेजारच्या पाड्यावरचा एक जण असाच तुकड्या-तुकड्याने गेला होता आणि काकांनी त्याला प्रत्येक वेळी बघितलं होतं. भीती होती ती, दुसरं काही नाही. पण भीती वाटते असं म्हणतील ते काका कसले! म्हणायचे, "ड्युटी कोन कराची?"

काकू रडल्या, त्यांची खारबावला दिलेली मुलगी येऊन रडून गेली, माझ्या नवऱ्याने आवाज चढवून पाहिला. काका ऐकेनात. काकू मला म्हणाल्या, "हा जन्मात एकाचंच ऐकला. पोर असताना कुत्रा चावला, पोटात सुया घेवाच्या होत्या, तर डॉक्टरच्या हाताला चावला हा. मंग दादा गेला संगती. रोज दादाचा हात धरून गेला आन गपगुमान घेतल्या." दादा म्हणजे बाबा. दादा तर ओटीवर बसलेले होते, बिस्कीट बुडवत.

मी म्हटलं, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. उघडलं. त्या संध्याकाळी बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "सांग म्हणावं त्याला, बूट घालून मिरवाची हौस फिटली का?"

मी दाताखाली ओठ धरला. मग काकांना म्हटलं, "बाबा पायाची चौकशी करतायत."

काका म्हणाले, "बरा हाय म्हनावं. त्याला काय कराचं हाय?"

मी बाबांना म्हटलं, "काका म्हणतात, बरा आहे, तुम्ही विचारलंत हे बरं वाटलं."

बाबा म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी तेच. बाबा म्हणाले, "हळद लावून पाय बरा व्हायला तो काय नवरदेव हाय?" मी म्हटलं, "बाबा म्हणतात, औषध नीट घ्या." काका म्हणाले, "घेतो. त्यानं माझ्या पायात नाक खुपसू नये." मी म्हटलं, "घेतायत." बाबा दिवसेंदिवस जास्त वाईट बोलायला लागले, अगदी घाण बोलायला लागले, आणि मी ते धुऊन, वाळवून, घडी घालून पुढे देत राहिले. काकांकडूनही तसंच. माझ्या वाक्यांमध्ये काकांचा पाय रोज बरा होत होता. खुर्चीखाली तो सुजून भोपळ्यासारखा झाला होता, पण ओटीवर जे अधिकृतपणे बोललं जात होतं त्यानुसार सगळं उत्तम चाललेलं होतं. रागावावं असं कोणी काही म्हणत नव्हतं, आणि घाबरावं असंही कोणी काही म्हणत नव्हतं.

मग एका संध्याकाळी मी काकांच्या हातात चहा द्यायला वाकले आणि मला वास आला. फडक्यातून, हळदीतून, मलमातून वर आलेला. मी तशीच वाकलेली राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वास आला आहे हे त्यांना कळलं. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला. पुढच्या आठवड्यात घोट्याखाली काय राहील आणि काय जाईल हे मला एकटीला माहीत होतं असं नाही, तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सासूबाई उंबऱ्याशी वाल सोलत होत्या, काकू त्यांच्या दारात उभ्या होत्या. आणि बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "सांग म्हणावं त्याला, मराचं असंल तर बाजूला जाऊन मर. माझ्या ओटीवर नको."

मी ट्रे खाली ठेवला आणि दोघांच्या मध्ये लादीवर मांडी घालून बसले. काही बोलले नाही.

बाबांनी वाट पाहिली. "ऐकलं न्हाय का? सांग त्याला."

मी बसून राहिले. राग इतका आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं देव जाणे. काकाही माझ्याकडे बघायला लागले. निरोप निघालाय, पण पोचत नाही, असं इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. काका खांबाला म्हणाले, "हिला काय झालं?" 

बाबा सासूबाईंना म्हणाले, "तू सांग मंग."

सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "माझं तोंड आलंय." तोंडबिंड काही आलं नव्हतं. दुपारीच त्यांनी ठेचा खाल्ला होता.

बाबा खुर्चीत चुळबुळले. मला वाटलं आता उठून जातील. पण नाही गेले. घसा खाकरला आणि तेच परत म्हणाले, जरा वेगळं करून. "सांग त्याला, लंगडा झाल्यावर सांभाळाचं कोनी? ती बाई सांभाळनार हाय का एकटी?"

मी लादीकडे बघत बसले.

"बरं, असा सांग. अंगठ्याचं येवढं काय हाय? चालाला पाय लागतो. अंगठा काय नांगराला जुपाचा हाय?"

 रस्त्यावर एक ट्रक मागे येत होता, त्याचं टिंव टिंव चाललं होतं. तो थांबेपर्यंत बाबा थांबले. त्यांचा आवाज खाली आला होता. सवय नव्हती त्यांना आपलं बोलणं आपणच निस्तरायची. एकदा बोलून टाकायचं, पुढचं सून बघेल, अशी खोड लागलेली. आता एक वाक्य टाकत होते, ते कोणी उचलत नव्हतं, मग त्यांनाच ते उचलून परत बघावं लागत होतं.

"सांग त्याला, डॉक्टर येवढा शिकलाय तो येडा हाय का?" मग म्हणाले, "सांग, पैशाचं बघू म्हनावं." मग म्हणाले, "सांग, भ्याचं काय हाय त्यात? भूल देतात." हे म्हणताना ते पहिल्यांदा रस्त्यावरून नजर काढून काकांच्या पायाकडे बघत होते. काकांनी पाय अजून आत ओढायला बघितलं, पण तेवढी जागाच नव्हती.

मी तरीही बोलले नाही. 

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "सांग त्याला... तो गेला तर मी कुनाशी बोलाचं न्हाय?"

काकू दारातून आत गेल्या. सासूबाईंच्या हातातला वाल तसाच राहिला. मी शब्द शोधायला लागले, सवयीने. हे काकांना कसं सांगावं, चार माणसांत शोभेल असं. पण यात गाळण्यासारखं काही नव्हतं आणि घालण्यासारखंही काही नव्हतं. मी काकांकडे वळले, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ऐकला मी."

नियम मोडला होता. बाबांचं बोलणं आपल्याला ऐकू येतं हे काकांनी भांडणानंतर पहिल्यांदा कबूल केलं होतं. बाबांनी झटकन रस्त्याकडे तोंड फिरवलं, चोरी पकडल्यासारखं.  मग काका म्हणाले, मला, "त्याला बोल, एकटा मी जानार न्हाय."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सांग, येतो."

मी दोघांनाही काही न सांगता उठले आणि आत जाऊन नवऱ्याला म्हटलं, सकाळी गाडी काढ.

सकाळी कशेळीला, खाडीच्या पुलाच्या तोंडाशी, ट्रक-टेम्पोंची रांग लागलेली. नवरा गाडी चालवत होता, काकू पुढे, मागच्या सीटवर एका खिडकीशी बाबा, दुसऱ्या खिडकीशी काका आणि मध्ये मी. पूल संपेपर्यंत दोघांनी आपापल्या बाजूचं पाणी बघितलं. बाबा म्हणाले, "सांग त्याला, पाय वर घेऊन बस." काका म्हणाले, "त्याला बोल, जागा हाय का?" मी म्हटलं, "मी मध्ये नाहीये असं समजा."  मग बाबांनी माझ्या मांडीवरून हात पुढे घातला, काकांचा पाय उचलला, आणि माझ्या मांडीवरून ओढून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. दवाखाना येईपर्यंत मी त्या पायाखाली तशीच, हात वर करून. वास गाडीभर होता. नवऱ्याने काच खाली केली तर बाबा त्याच्यावर खेकसले, "धूळ जाईल, बंद कर."

काकांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ते बाबांशी बोलले नाहीत, बाबाही त्यांच्याशी बोलले नाहीत. दार बंद झालं. काकू देवाचं नाव घेत बसल्या. बाबा बाकावर बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, काकांच्या चपला हातात धरून. मी म्हटलं, "बाबा, त्या पिशवीत टाका." त्यांनी ऐकलं नाही. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, "कापताना त्याला कळनार तर न्हाय?" मी म्हटलं, "नाही कळणार." त्यांना पटलं नाही.

डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि भराभर बोलून गेले. निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी, सगळं माझ्याकडे बघून. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत होते, पण काही हाती लागत नव्हतं. डॉक्टर वळले तसे बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय म्हनला?"

"अंगठा काढला, बाबा. पाय राहिला."

"परत सांग."

"पाय वाचला. वर काही गेलेलं नाही. पुढे आता काही कापावं लागणार नाही."

"परत."

एकच गोष्ट कोणी मला परत सांगायला लावली की माझं डोकं फिरतं. वर्षानुवर्षं फिरत आलं आहे. मी त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. "जखम भरली की काका चालायला लागतील. आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय."

"अजून सांग."

"थोड्या दिवसांनी घरी येतील."

बाबांनी चपला मांडीवर ठेवल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हातांमागून काहीतरी म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही, पण काय ते कळलं.

"घरी येणार, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या शेजारी बसणार. आणि तुमच्याशी एक शब्द बोलणार नाहीत."